उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी आपणच मारतो



लावण्या उरकल्या. चार दिवसांपूर्वी ट्रॅक्टरची केजव्हील काढली, चिखल धुतला आणि ट्रॅक्टर पडवीत लावला. आता झोडणीपर्यंत त्याला काम नाही. आपल्याकडे कसाऱ्यापासून खर्डी, डोळखांब, किन्हवलीपर्यंत आणि तिकडे मुरबाडच्या टोकावड्यापर्यंत बहुतेक ट्रॅक्टरांचं हेच चाललंय. आणि दिवाळीनंतर चावी फिरवली की काय होणार तेही सगळ्यांना माहीत आहे. टक्. फक्त टक्. मग जंपर वायर कोणाकडे आहे ते शोधा, दोन पोरं बोलवा, उतारावर ढकला, नाहीतर बॅटरी काढून डोक्यावर घेऊन रस्त्यापर्यंत चाला.

आजची नोंद जरा भांडणाची आहे. भांडण एका वाक्याशी आहे, आणि ते वाक्य तुम्ही पण ऐकलं असेल: "दादा, बॅटरी दोनच वर्षं टिकते हो, नवीन घ्या."

मी हे वाक्य दोनदा ऐकलं आणि दोन्ही वेळा गुपचूप पैसे मोजले. पहिली बॅटरी १९ महिन्यांत गेली, दुसरी २२ महिन्यांत. दुकानदाराची चूक म्हणत नाही, त्याच्याकडे मेलेल्याच बॅटऱ्या येतात, त्याला तसंच वाटणार. चूक आपली. घाटावर नाशिककडे द्राक्षवाल्यांचा ट्रॅक्टर वर्षभर फवारणीला फिरतो, त्याची बॅटरी चार-पाच वर्षं सहज जाते. तीच कंपनी, तीच बॅटरी, घाट उतरून कसाऱ्याला आली की दोन वर्षांत मरते. हवा वेगळी म्हणून नाही. इथं ट्रॅक्टर उभा असतो म्हणून. आपली शेती एका पिकाची. जून-जुलैत चिखलणी, नोव्हेंबरात झोडणी, थोडी वाहतूक, आणि बाकी सगळा वेळ ट्रॅक्टर कोंबड्यांना बसायला. वर्षातले सात-आठ महिने उभा. बॅटरी कामाने झिजते त्यापेक्षा बसून जास्त मरते, आणि हे आपल्याला कोणी सांगितलं नाही.

आता ती बसून कशी मरते ते नीट समजून घ्या, कारण इथंच सगळा घोळ आहे.

आपली साधी पाण्याची बॅटरी म्हणजे आत शिशाच्या प्लेटा आणि पातळ केलेलं गंधकाचं ॲसिड. सहा घरं, प्रत्येकात साधारण २.१ व्होल्ट, मिळून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. करंट वापरला की प्लेटांवर लेड सल्फेटचा थर बसतो, चार्ज केली की तो विरघळून परत जातो. हा थर ताजा असतो तोवर मऊ असतो. आठवडे-महिने तसाच राहिला की त्याचे खडे होतात, आणि मग कितीही चार्ज करा, ते खडे पूर्ण जात नाहीत. तेवढी प्लेट कायमची वाया. याला सल्फेशन म्हणतात. भाताच्या रोपाला जसं पाण्याचा ताण पडला की नंतर कितीही पाणी दिलं तरी गेलेला फुटवा येत नाही, तसं.

आणि बॅटरी वापरली नाही तरी आपोआप उतरते. नवी चांगली बॅटरी महिन्याला साधारण चार-पाच टक्के, जुनी त्याहून जास्त. उन्हाळ्यात पत्र्याखाली तर अजून, कारण साधारण दर १० अंश तापमानाला हा उतार दुपटीला जातो. त्यात आपली चिखलणी. चिखलाचं पाणी उडून बॅटरीच्या डोक्यावर बसतं, प्लस-मायनसच्या मधे ओला थर तयार होतो, आणि त्या थरातून रात्रंदिवस थोडा-थोडा करंट वाहत राहतो. आपण ट्रॅक्टर धुतो, टायर धुतो, बॉनेटखाली बघत पण नाही. शिवाय चिखलणीच्या पंधरा-वीस दिवसांत चालू-बंद, चालू-बंद, संध्याकाळी लाइट लावून काम. म्हणजे हंगाम संपतो तेव्हा बॅटरी भरलेली नसतेच, पाऊण असते. त्या पाऊण बॅटरीला आपण तीन महिने ओल्या पडवीत सोडतो. दिवाळीला ती निम्म्यावर आलेली असते, झोडणीत जेमतेम भरते, आणि फेब्रुवारीपासून मेपर्यंत परत तीच गत. दोन वर्षं टिकते हेच नवल.

नव्या पिकअप आणि जीपवाल्यांचं तर अजून वाईट. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत कॉम्प्युटर, घड्याळ, टेप, सेंट्रल लॉक, त्यात फायनान्सवाल्यांनी बसवलेलं जीपीएस. चावी काढली तरी हे सगळं थोडं-थोडं खात असतं. समजा ३० मिलीअँपिअर खाल्ले. ऐकायला काहीच नाही. पण दिवसाला ते पाऊण अँपिअर-अवरच्या जवळ जातं आणि तीन महिन्यांत ६५ च्या पुढे. म्हणजे सबंध बॅटरी. कोणी चोरली नाही, कोणी वापरली नाही, उभ्या उभ्या गेली.

यावर आपल्याकडे एकच सल्ला फिरतो: "आठवड्याला दहा मिनिटं चालू करून ठेव." मी पण चार वर्षं हेच केलं. आता हिशोब करून बघा. स्टार्टर चार-पाच सेकंदांत दोनशे-अडीचशे अँपिअर खेचतो. इंजिन मंद चालत असताना अल्टरनेटर फार देत नाही. दहा मिनिटांत स्टार्टरने घेतलं ते परत येतं, आणि आठवड्याचा उतार जेमतेम भरतो. पाऊण बॅटरी पाऊणच राहते. बॅटरीचे शेवटचे वीस टक्के फार सावकाश भरतात, त्याला तासनतास लागतात, दहा मिनिटांत ते कधीच होत नाही. आणि वर न भरलेलं तेच जे खडे होऊन बसतं. डिझेल जळतं ते वेगळं, इंजिन नीट तापत नाही म्हणून ऑइलात ओल धरते ते वेगळं. माझा थोरला भाऊ अजून दर रविवारी चालू करतो. त्याला इंजिनाचा आवाज ऐकून बरं वाटतं, एवढाच फायदा मला तरी दिसलाय.

मग उपाय काय, तर एक लहान सोलर पॅनल. २० वॅटचं, लहान पाटाएवढं. आणि एक चार्ज कंट्रोलर. बस.

इथं लोक हसतात. "कसाऱ्याच्या पावसात सोलर? वेडा झालास काय?" मला हे हसणं पटत नाही. हेच हसणारे लोक रानडुकरासाठी झटका मशीन लावतात ना? ते कशावर चालतं? १२ व्होल्टच्या बॅटरीवर, आणि ती बॅटरी पॅनलवर. आषाढ-श्रावणात भात पोटरीत यायच्या आधीपासून ते चालू असतं, रात्रभर तारेत झटका देतं, आणि बॅटरी मरत नाही. रानडुकरासाठी पॅनल चालतं आणि सात-आठ लाखांच्या ट्रॅक्टरसाठी चालत नाही, हे कुठलं गणित?

खरं गणित असं आहे. ८० अँपिअर-अवरची ट्रॅक्टरची बॅटरी महिन्याला पाच टक्क्यांनी उतरली तर चार अँपिअर-अवर गेले. म्हणजे दिवसाला ०.१३. एवढंच भरून द्यायचंय. आपल्याला बॅटरी चार्ज करायची नाहीये, भरलेली बॅटरी भरलेली ठेवायचीये. या दोन गोष्टींत घागर भरणं आणि गळक्या घागरीत थेंब टाकत राहणं एवढा फरक आहे. २० वॅटचं पॅनल कडक उन्हात १.१ अँपिअरच्या आसपास देतं. डोंगर गायब होतात असा काळाकुट्ट दिवस धरला, तरी दिवसभराचा प्रकाश मिळून अर्धा तास कडक उन्हाइतका तरी होतो. म्हणजे अर्धा अँपिअर-अवर. गरजेच्या चौपट.

आता खोटं बोलायचं नाही म्हणून पुढचं पण सांगतो. स्वस्त कंट्रोलर स्वतःच करंट खातो. माझा वाला मोजला तर १० मिलीअँपिअरच्या आसपास खात होता, म्हणजे दिवसाला ०.२४. ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या स्वतःच्या उतारापेक्षा जास्त! म्हणूनच मी १० वॅटचं पॅनल घेऊ नका म्हणतो. उन्हाळ्यात ते चालेल, पण आपल्या जुलैत त्याची सगळी कमाई कंट्रोलर आणि बॅटरीचा उतार यातच जाते, हाती काही उरत नाही. पुस्तकातले आकडे कोरड्या मुलखाचे असतात, आपला मुलूख वर्षाला दोन-अडीच हजार मिलीमीटर पावसाचा. २० वॅट घ्या. पिकअप असेल आणि ती आत काहीतरी खात असेल तर ४० घ्या, नाहीतर मायनसची क्लिप काढून ठेवा.

हो, मायनस काढून ठेवणं. फुकटचा उपाय आहे, आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने आज संध्याकाळीच करावा. पाना घ्यायचा, मायनसचा नट ढिला करायचा, क्लिप बाजूला. गाडी खात असेल ते बंद होतं. पण बॅटरीचा आपोआपचा उतार थांबत नाही, एवढं लक्षात ठेवा. जुन्या ट्रॅक्टरात गाडी मुळात फार खातच नाही, उतारच मोठा असतो, त्यामुळे तिथं नुसतं मायनस काढून अर्धंच काम होतं.

घरात लाइट असेल आणि ट्रॅक्टर घराला लागून असेल, तर लाइटवर चालणारा लहान ऑटोमॅटिक चार्जर पण चालतो, त्याला माझा विरोध नाही. पण किती जणांचा ट्रॅक्टर घराला लागून असतो? माझा खळ्यावरच्या पडवीत असतो, तिथं वायर न्यायची तर दोनशे फूट. आणि पावसाळ्यात आपल्या पाड्यांतली लाइट कधी असते ते तुम्हीच सांगा.

आता माझी फजिती ऐका, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. पहिल्यांदा मी कंट्रोलर घेतलाच नाही. रस्त्याच्या सोलर दिव्याचं ४० वॅटचं जुनं पॅनल कुणाकडून तरी मिळालं, म्हटलं प्लसला प्लस, मायनसला मायनस, डायरेक्ट. एप्रिल-मे दोन महिने लावून ठेवलं आणि खूश होतो, कारण बोट लावलं की गाडी चालू व्हायची. जूनच्या पहिल्या आठवड्यात झाकणं उघडली तर पाणी प्लेटांच्या खाली. आपण ज्याला १२ व्होल्टचं पॅनल म्हणतो ते मोकळं सोडलं तर २१-२२ व्होल्ट देतं. बॅटरी भरली की तिला १३.५ ते १३.८ वर नुसतं धरून ठेवायचं असतं. १४.४ च्या वर ती उकळायला लागते, पाण्याचे वायू होऊन उडतात. मी तिला दोन महिने रोज दुपारी उकळवत होतो. ती माझी दुसरी बॅटरी. २२ महिन्यांची वर लिहिली ना, ती. दुकानदार म्हणाला दोनच वर्षं टिकते, आणि मी मान डोलावली, कारण खरं सांगायची लाज वाटली.

अगदी लहान, पाच वॅटच्या आतलं पॅनल मोठ्या बॅटरीला डायरेक्ट चालतं, त्यात रात्री उलटा करंट जाऊ नये म्हणून डायोड असला की झालं. पण आपल्याला २० लागतंय, म्हणून कंट्रोलर लागतोच. गाडीच्या काचेला चिकटवायची आणि सिगारेट लायटरच्या भोकात घालायची दीड-दोन वॅटची खेळणी मिळतात, ती तर घेऊच नका. बऱ्याच गाड्यांत चावी काढली की ते भोकच बंद होतं. पॅनलवर हिरवा दिवा लागतो, बॅटरीला एक थेंब जात नाही, आणि आपण निवांत.

जोडायचं कसं ते सांगतो. पॅनल ट्रॅक्टरवर नाही, पडवीच्या पत्र्यावर बसवा, दक्षिणेकडे तोंड, चांगला उतार देऊन, म्हणजे पावसानेच धुऊन निघतं. आपल्याकडे पूर्वेला सह्याद्रीची भिंत आहे, माझ्याकडे सकाळी बराच वेळ ऊन पोचतच नाही, म्हणून मी तोंड थोडं पश्चिमेकडे फिरवलंय. सागाचं एक पान जरी पॅनलवर चिकटलं तरी फार फरक पडतो, कारण आतल्या ३६ चकत्या एकामागे एक जोडलेल्या असतात, एक झाकली की सगळी साखळी अडते. त्यामुळे झाडाखाली नको. माकडांचा बंदोबस्त करा. हायवेवर केळी खायची सवय लागलेली टोळी माझ्या पत्र्यावर येते, पहिलं पॅनल त्यांनीच खाली पाडलं. आता खाली अँगल मारून बोल्ट केलंय. कंट्रोलर पडवीत, पाणी लागणार नाही असा. तिथून दोन वायरी बॅटरीच्या थेट खांबांना, आणि प्लसच्या वायरीत बॅटरीजवळच पाच अँपिअरचा फ्यूज. हा फ्यूज टाळू नका. उंदराने वायर कुरतडली आणि प्लस बॉडीला टेकला तर बॅटरी वायरीची बत्ती करेल, आणि पडवीत वर पेंढा असतो. मधे एक पिन ठेवा, म्हणजे ट्रॅक्टर काढायचा असेल तेव्हा नुसती पिन उपसायची. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल. काढताना उलटं. आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, थोडाच, पण कोंडलेल्या खोलीत चूल-बिडी जवळ असेल तर तो थोडाही पुरतो. पडवी मोकळी असते, तिथं चिंता नाही.

मला सगळं मिळून दोन हजारांच्या आत पडलं. बॅटरी सात हजारांना. हिशोब मी करत नाही, तुम्ही करा.

पण एक सांगून ठेवतो. मेलेली बॅटरी पॅनलने जिवंत होत नाही. काही जण सहा महिने टकटक करणाऱ्या बॅटरीला पॅनल लावतात आणि मग म्हणतात सोलर फालतू आहे. मेलेल्या बैलापुढे वैरण टाकून काय होणार? आधी तपासा. दोन-तीनशे रुपयांचा मल्टीमीटर घ्या. गाडी बंद करून रात्रभर ठेवा, सकाळी बघा. १२.६ म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, इथंच जागं व्हायचं. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे धोका. १०.५ च्या जवळ अडकली असेल तर एक घर गेलेलं आहे, तिला भंगारात द्या. आणि नुसत्या आकड्यावर जाऊ नका, स्टार्टर मारताना कुणाला तरी मीटरकडे बघायला सांगा. तेव्हा साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर आधी टर्मिनल घासून बघा, तरीही कोसळली तर वरचा १२.६ खोटा. आधी चांगल्या चार्जरवर सावकाश पूर्ण भरून घ्या, मग पॅनलला लावा. घाईत बारा तास उकळवून देणारा चार्जिंगवाला नको, सावकाश भरणारा बघा.

पाणी डिस्टिल्ड. "पावसाचं पाणी शुद्धच असतं" हा दुसरा घोळ. पागोळीचं पाणी पत्र्यावरचा गंज आणि माकडांचा प्रसाद घेऊन येतं. दहा-वीस रुपयांच्या बाटलीवर सात हजारांची बॅटरी घालवू नका. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून घासा, कोरडं करा, वर व्हॅसलीन लावा. बॅटरीचं डोकं कोरड्या फडक्याने पुसा. यातलं काहीच मोठं नाही, पण चिखलणी संपल्यावर अर्धा तास बॉनेट उघडून बसणारा शेतकरी मला तरी अजून भेटायचाय.

कोणी म्हणेल, एवढं काय, बॅटरी गेली तर गेली, सात हजारांचा प्रश्न आहे. नाही. सात हजारांचा प्रश्न नाही.

तीन वर्षांपूर्वी जुलैच्या पहिल्या आठवड्यात माझी चिखलणी होती. रोप २३ दिवसांचं, नेमकं लावणीला आलेलं. आठ बाया आणि दोन गडी बांधावर सकाळी सातला हजर. ट्रॅक्टर टक्. शेजारच्या पाड्यातून दुसरा ट्रॅक्टर आणून जंप करेपर्यंत अकरा वाजले. दुपारी बांधावर एकदा बंद पडला आणि परत टक्. तो दिवस गेला, मजुरी गेली. दुसऱ्या दिवशी त्या बाया दुसऱ्याकडे ठरलेल्या, त्यांना मी थांब कसं म्हणू? मग पाऊस असा लागला की खाचरात उतरता येईना. लावणी नऊ दिवस पुढे गेली. रोप म्हातारं झालं, फुटवे कमी आले, आणि कापणीला त्या दोन खाचरांत जे दिसलं ते मी कुणाला दाखवलं नाही. (चिखलणीच करू नका, एसआरटीने पेरा, असं आमचे कर्जत-नेरळकडचे मित्र म्हणतील. तो वाद वेगळा, तो पुन्हा कधीतरी.)

आणि दुसरी गोष्ट मागच्या पावसाळ्यातली. आमच्या वरच्या पाड्यात एका पोराला रात्री पायाला काहीतरी चावलं. घोणस असावी असं घरचे म्हणाले. पाड्यात नेटवर्क नाही. एकच पिकअप, ती पावसाळ्यात उभीच असते. सगळे तिच्याभोवती गोळा झाले, चावी फिरवली, टक्. पावसात चिखलाची वाट, ढकलायला उतार आहे पण वळणावर ओढा. माझा ट्रॅक्टर खालून वर नेऊन वायर लावून ती चालू करेपर्यंत पाऊण तास गेला. पोरगं वाचलं. पाय महिनाभर सुजलेला होता. त्या रात्री मी वायर धरून उभा होतो आणि डोक्यात एकच आकडा फिरत होता, दोन हजार. आपल्या लेकराला दवाखान्यात नेणारी वाडीतली एकुलती एक गाडी चालू राहावी याला दोन हजार.

कसाऱ्याला राहणाऱ्यांना बँकर सांगायला नको. १ ला ३७ चा घाट चढायला गाडीला मागून इंजिनं लावतात आणि इगतपुरीला सोडतात. जंपर वायर म्हणजे बँकर. बँकर घाट चढवून देतो, पुढची वाट गाडीला स्वतःच्या इंजिनावरच जायची असते. आपण प्रत्येक हंगामात बँकर शोधत फिरतो.

आता थोडं कृषीवाल्या साहेब मंडळींना. तुमच्यातले बरेच जण हे वाचता हे मला माहीत आहे, म्हणून हक्काने बोलतो. तुम्ही आम्हाला युरियाच्या गोळ्या सांगता, कर्जतच्या जाती सांगता, रोपाचं वय सांगता, ते सगळं कामाचं आहे. ट्रॅक्टर आणि अवजारांना अनुदान कसं मिळवायचं तेही सांगता. सोलर म्हटलं की तीन, पाच, साडेसात एचपीचा पंप, "मागेल त्याला सौर कृषी पंप", त्याचा फॉर्म, त्याचा दहा टक्के हिस्सा. चांगलं आहे. पण आमच्यातल्या किती जणांकडे मार्चनंतर विहिरीला पाणी असतं? भातसा, तानसा, वैतरणा आमच्या तालुक्यातून मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात टँकर आमच्या पाड्यात येतो. आमच्यासाठी पाच एचपीचं सोलर कामाचं नाही, २० वॅटचं आहे. मी आजवर एकाही शिबिरात "ट्रॅक्टर उभा कसा ठेवायचा" हा विषय ऐकला नाही. यंत्र कसं घ्यायचं यावर दिवसभर बोलणं होतं, ते आठ महिने बिनकामाचं कसं सांभाळायचं यावर पाच मिनिटं नाहीत.

तुम्ही म्हणाल, एका ट्रॅक्टरवरून निष्कर्ष काढू नये. अगदी बरोबर. माझी तिसरी बॅटरी आता तीन वर्षं पूर्ण करून चौथ्यात आहे, आणि हा पुरावा नाही, हे मलाही कळतं. कदाचित ती बॅटरीच चांगली निघाली असेल. मग करा ना चाचणी. दहा ट्रॅक्टर पॅनल लावून, दहा न लावता, दर महिन्याच्या एक तारखेला व्होल्टेज लिहा. दोन पावसाळे जाऊ द्या. बियाण्याच्या जातीला जेवढे प्लॉट पाडता त्याच्या दहाव्या हिश्श्यात हे होईल. माझा ट्रॅक्टर घ्या, वही मी ठेवतो. मी खोटा ठरलो तर इथंच लिहीन.

आणि बाकी मंडळींनी चाचणीची वाट बघू नका. पंचमी झाली की शेताची घाई संपते, एक सकाळ काढा. निदान बॉनेट उघडा, पुसा, मीटर लावा, आकडा बॅटरीच्या बाजूला खडूने लिहा, तारखेसकट. दसऱ्याला यंत्राची पूजा करताना परत लावा. दोन आकडे शेजारी-शेजारी दिसले की माझ्याशी भांडायची गरज राहणार नाही.

आज सकाळी माझा आकडा: १२.७. बाहेर तीन दिवस झाले सूर्य नाही, समोरचा डोंगर पण दिसत नाहीये, आणि पत्र्यावर माकडं बसली आहेत. त्यांना हाकलून येतो.